दोष हजर नाही

अबुराक्रोम गावच्या प्रसूतिगृहाच्या गाडीत कोणताही दोष नाही, असा निर्णय जिल्हा सभेच्या वाहन विभागाने दिला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडीचा हॉर्न पुन्हा आपोआप वाजू लागला. गाडीला निर्णय कळवलेला नसावा.

गाडी लांबलचक होती, जुनी होती आणि आमच्या राजांनी दिलेली होती. राजे म्हणजे नाना एसांदो चौथे; नाना ही आमच्याकडची राजपदवी. त्यांचा भाचा हाम्बुर्गला असतो, त्याने ती बोटीने पाठवली. तिकडे ती बहुधा एखाद्या फुलवाल्याकडे असावी, कारण मागच्या काचेवर अजून ट्यूलिपचे चित्र होते. आम्ही ते पुसले नाही, आणि सीटांवरचे प्लास्टिकही काढले नाही. प्लास्टिक काढले की गाडी जुनी होते. देणगीच्या समारंभात नानांच्या नावाची पितळी पाटी छपरावर चार स्क्रूंनी बसवण्यात आली. पुढे बसवली असती तर फक्त समोरच्याला दिसली असती. छपरावर बसवल्यामुळे ती डोंगरावरच्या कोणत्याही झाडावर चढले की दिसत असे.

पहिल्या पावसाळ्यापासून गाडीला एक खोड लागली. गाव डोंगरावर आहे आणि इस्पितळ खाली समुद्रकाठच्या शहरात. उतार लागला, काजूच्या झाडापाशी डावे वळण आले आणि ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला की हॉर्न वाजे, वायपर सुरू होत आणि दिवे जात. कधी तिन्ही एकदम, कधी एकेक, कधी गाडीच बंद पडे, कधी काहीच नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली नेहमी ओल. पाऊस थांबून आठवडा झाला, वर ऊन रणरणते आहे, तरी वायपर कोरड्या काचेवर करकरत आहेत, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मात्र गाडी 'बिघडली' असे म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे राजे मरत नाहीत, ते गावाला जातात. राजांची जमीन विकली जात नाही, ती पाहुणी जाते. तशी राजांनी दिलेली गाडी बिघडत नाही, ती विश्रांती घेते. त्या वर्षी तिने बरीच विश्रांती घेतली.

हे सगळे चालून गेले असते. पण बसथांब्यावर कापड विकणारी मान्सा गरोदर होती आणि तिच्या पोटात मूल आडवे होते. प्रसूतिगृहाच्या आर्हिन सिस्टरांनी तिला हात धरून समजावले होते. "हे मूल इथे होणार नाही, मान्सा. ऑपरेशन लागेल. कळ आली की लगेच गाडीत बसायचं आणि खाली जायचं. वाटेत थांबायला वेळ नाही."

"गाडी थांबली तर?" मान्साने विचारले.

सिस्टरांनी वाहन विभागाकडे तक्रार केली.

वाहन अधिकारी क्वेनू साहेब स्वतः आले. दिवस कोरडा होता. प्रसूतिगृहाच्या सपाट अंगणात गाडी उभी केलेली होती आणि शेजारी ड्रायव्हर एजिर टोपी हातात धरून उभा होता. गावात त्याला सगळे मामा म्हणतात.

"तक्रारीतला दोष हजर करा," साहेब म्हणाले.

"साहेब, तो उतारावर येतो."

"मी सपाटीवर आलोय. माझ्या येण्याचा निरोप पोचला होता ना?"

"पोचला होता साहेब. पण दोष पावसानंतर येतो."

"आज पाऊस आहे?"

"नाही साहेब."

"मग आज तक्रारही नाही."

मामाने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "साहेब, बसा ना गाडीत. काजूच्या वळणापर्यंत जाऊन येऊ. पाच मिनिटं लागतील."

क्वेनू साहेब हसले. अडाणी माणसावर रागवू नये, एवढे शिक्षण त्यांचे झालेले होते. "तपासणी उभ्या गाडीची असते, एजिर. चालत्या गाडीत बसलो तर तो प्रवास झाला. प्रवासाला वेगळी मंजुरी लागते." मग ते जवळ सरकले आणि त्यांनी हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतला. "खरं सांग, हॉर्न आपोआप वाजतो त्या दिवशी तू काय घेतलेलं असतंस?"

"मक्याचं केंके आणि तळलेली मासळी, साहेब."

"त्याच्याबरोबर?"

"मिरचीची चटणी."

'दोष हजर नाही. ड्रायव्हरची प्रकृती तपासावी,' असा शेरा देऊन साहेब गेले. सिस्टरांनी खरोखरच मामाची प्रकृती तपासली. ती उत्तम होती. त्यामुळे आता गाडीतही दोष नव्हता आणि ड्रायव्हरमध्येही नव्हता. हॉर्न मात्र वाजत होता.

सिस्टरांनी गाडी खाली शहरात गॅरेजवाल्यांच्या वसाहतीत पाठवली. तिथे तारांचे काम करणाऱ्यांचा संघ वेगळा आणि पत्र्याचे काम करणाऱ्यांचा संघ वेगळा. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम दोन्ही संघ प्राणपणाने पाळतात. तारांचे मास्टर बेंटिल यांनी स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटी उघडली आणि बोट लावून पाहिले.

"ओली आहे."

"म्हणूनच आणली, मास्टर," मामा म्हणाला.

"पाणी हा पत्र्याचा विषय. ओली तार मी घेत नाही. वाळवून आण."

मामाने पेटी उघडी ठेवून गाडी दुपारभर उन्हात उभी केली आणि पुन्हा आणली. मास्टरांनी पुन्हा बोट लावले. "आता ही कोरडी आहे. हिला काय झालंय? मी दुरुस्त काय करू?" पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून त्यांनी हॉर्नची तार कापून टाकली. हॉर्न आपोआप वाजण्याची तक्रार कायमची मिटली. आता हॉर्न वाजवूनही वाजत नव्हता.

पत्र्याचे मास्टर दादसन अधिक प्रेमळ होते. त्यांनी मामाच्या पायाखालची ओली चटई उचलली आणि तळाच्या पत्र्याला ड्रिलने चांगली रुंद भोके पाडली.

"मास्टर, पाणी येतंय कुठून ते बघा ना."

"येणाऱ्याला कोण अडवणार, मामा? मी जायची वाट करून दिली."

पुढच्या पावसात गाडी डबक्यातून गेली आणि त्या वाटेने पाणी खालूनही आत आले. आता वरून येणारे आणि खालून येणारे पाणी मामाच्या पायांपाशी भेटू लागले. दिवे पूर्वी वळणावरच जात, ते आता सरळ रस्त्यावरही जाऊ लागले. सिस्टरांनी पुन्हा तक्रार केली. या वेळी क्वेनू साहेबांनी तिची गंभीर दखल घेतली आणि परिपत्रक काढले: 'प्रसूतिगृहाच्या वाहनाने ओल्या हवेत, उतारावर ब्रेक लावणे टाळावे.' परिपत्रकाची प्रत गाडीत ठळक जागी लावायची होती. सगळ्या ठळक जागा आधीच्या सूचनांनी भरल्या होत्या, म्हणून ती पेट्रोलच्या काट्यावर चिकटवण्यात आली.

दोष सापडला तो मान्साला, आणि ती हुशार होती म्हणून नव्हे. ती आडवी होती म्हणून.

सिस्टर तिला तपासणीसाठी खाली नेत होत्या. अधिकारी, मास्टर आणि मामा यांनी आजवर गाडी उभ्याने किंवा बसून पाहिली होती, आणि सगळ्यांनी खाली, ओल्या चटईकडे पाहिले होते. गाडीत पाठीवर झोपून जाणारी माणसे फक्त गरोदर बायका, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.

"सिस्टर, हे छत गरोदर आहे," मान्सा म्हणाली.

"गप्प पड. बोलू नकोस."

"अहो, बघा तरी! माझ्यासारखंच पोट आलंय त्याला. त्या दिव्यापाशी."

सिस्टरांनी वर पाहिले. छताच्या कापडाला फुगा आला होता. त्यांनी बोटाने दाबले, तर आत पाणी हलले. तेवढ्यात काजूचे वळण आले आणि मामाने परिपत्रक मोडून ब्रेक लावला. फुगा पुढे सरकला, दिवे गेले आणि वायपर सुरू झाले.

"मामा, गाडी लावा बाजूला!" सिस्टर ओरडल्या.

तपासणी उरकून गावात परत आल्यावर त्यांनी बादल्या आणि पाण्याचे मग मागवले. मान्साला पुन्हा गाडीत आडवे केले, हातात विजेरी दिली आणि वर नजर ठेवायला सांगितले. मग मामाने बाहेरून पाणी ओतायला सुरुवात केली. गळती शोधायची तर पाणी खालून वर ओतत जावे लागते. आधी चाकांपाशी, मग दारांच्या फटींवर, मग काचेच्या कडांना आणि शेवटी छपरावर. पहिल्यालाच वर ओतले तर ते सगळीकडून खाली येते आणि काही कळत नाही. चौकशीची ही पद्धत सरकारलाही ठाऊक आहे. सरकारही खालूनच सुरुवात करते. फक्त ड्रायव्हरच्या पायापाशी पोचले की थांबते.

सिस्टर थांबल्या नाहीत. दारांवर पाणी ओतले, आत कोरडे. काचांवर ओतले, कोरडे. छपरावर एक मग ओतला.

"आलं!" आतून मान्सा ओरडली. "दिव्यापाशी थेंब! अजून एक! सिस्टर, धार लागली!"

मामा शिडी लावून वर चढला आणि वरच थांबला.

"काय आहे तिथे?" सिस्टरांनी विचारले.

मामाने टोपी काढली. "नाना आहेत," तो म्हणाला.

आता सगळे स्पष्ट झाले. पाटीच्या चार स्क्रूंनी छपराला चार भोके पाडली होती. पाऊस पाटीवर पडायचा, स्क्रूंवरून आत उतरायचा आणि छताच्या कापडात साठायचा. सपाटीवर तो तिथेच झोपून राही. उतारावर ब्रेक लागला की सगळे पाणी पुढे धावे, काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरे आणि थेट फ्यूजच्या पेटीत पडे. कापड वाळायला आठवडा लागे, म्हणून उन्हातही वायपर चालत. भूत नाही, दारू नाही, चटणी नाही. पाटी काढायची, चार भोके बुजवायची, की झाले.

"काढा पाटी," सिस्टर म्हणाल्या.

मामा शिडीवरून उतरला, स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला आणि दोन पावले मागे सरकला. "तुम्ही काढा, सिस्टर. मला या गावात म्हातारं व्हायचंय."

म्हणून सिस्टर रिवाजाप्रमाणे जिन दारूची बाटली भेट घेऊन नानांच्या दरबारात गेल्या. आमच्या दरबारात राजांशी थेट बोलत नाहीत. आपण ओचामींना सांगायचे, ओचामी सोन्याच्या मुठीची काठी टेकून तेच राजांना सांगतात, जरा शोभेल अशा शब्दांत. ओचामी अमिसा नानांच्या अगदी शेजारी बसतात, त्यामुळे आपण बोललेले नानांना ऐकू जातेच. पण ओचामींच्या तोंडून गेल्याशिवाय ते ऐकले असे धरत नाहीत.

"ओचामी," सिस्टर म्हणाल्या, "नानांना सांगा, त्यांच्या पाटीच्या स्क्रूंमधून गाडीचं छप्पर गळतं. पाणी तारांत जातं आणि गाडी बंद पडते. एका गरोदर बाईचा जीव टांगणीला लागलाय. पाटी काढायची परवानगी द्या."

ओचामींनी डोळे मिटले, काठी टेकली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "नाना! सिस्टर म्हणतात, तुमचं नाव एवढं भारी, की ते डोक्यावर घेतल्यापासून लोखंडालाही पाझर फुटलाय. गाडी चालता चालता भरून येते आणि जागच्या जागी थांबते. गरोदर बायका तुमच्या नावाखाली आडव्या होतात आणि वर बघतच राहतात."

दरबारात कौतुकाची कुजबुज झाली. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "अहो, मी असं कुठे म्हटलं?"

"त्या म्हणतात, त्यांना शब्द अपुरे पडतात," ओचामींनी पुढे सांगितले.

नानांनी सिस्टरांकडे पाहिले. मग ते ओचामींच्या कानाशी वाकले आणि ओचामींनी निकाल जाहीर केला. "नाना म्हणतात, एका पाटीत एवढा गुण असेल तर गरोदर बायकांना कमी का पडू द्यायचं? मोठी पाटी करा."

बाहेर अंगणात सिस्टरांनी ओचामींना गाठले. "तुम्हाला लाज नाही वाटत? तुम्हाला कळलं होतं मी काय म्हणाले!"

"सिस्टर, जरा हळू बोला." ओचामींनी काठी काखेत धरली. आता ते साध्या माणसासारखे दिसत होते. "माझी सून त्याच गाडीतून गेली होती. आत बसून छत्री उघडावी लागली पोरीला. मला कळत नाही होय?"

"मग सांगितलं का नाही?"

"बत्तीस शब्द सांगितले की मी! तुमच्यापेक्षा जास्तच. आणि नानांनीही ऐकलंच की. ओचामीची सोय काही फक्त आपल्यालाच नसते हो, न ऐकल्यासारखं करायला त्यांनाही असते."

मोठी पाटी दाराएवढी होती आणि तिला सोळा स्क्रू लागले. अनावरणाला सगळा गाव लोटला. नाना पालखीतून आले, वर मखमली राजछत्र. क्वेनू साहेब प्रवासाची वेगळी मंजुरी घेऊन आले. दोन्ही मास्टर आले, आणि आपापल्या संघाच्या झेंड्याखाली वेगवेगळे बसले. आम्ही सगळे खुर्च्यांवर बसलो. भाषणे चालू असतानाच समुद्राकडून काळे ढग आले, दुपारी दिवेलागणीसारखा अंधार पडला आणि पाऊस कोसळू लागला. त्याच वेळी मागच्या रांगेत मान्साला कळ आली.

सिस्टरांनी तिला गाडीत घातले आणि मामाने गाडी उतारावर काढली. काजूचे वळण समारंभाच्या मांडवातून स्पष्ट दिसते. आम्ही सगळ्यांनी पाहिले. ब्रेकचा दिवा लागला, मग सगळे दिवे एकदम लागले आणि गेले, वायपर वेड्यासारखे फिरले आणि गाडी थांबली. कापलेल्या तारेचा हॉर्नसुद्धा कुठूनसा एकदा बोंबलला.

"नानांना गाडीची सलामी!" ओचामींनी काठी उंचावली.

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडीत छप्पर गळते हे तोवर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक झाले होते. ती का थांबली हेही ठाऊक होते. आत कोण आहे हेही. तरी टाळ्या चांगल्या जोरात पडल्या, त्यामुळे मान्साचे ओरडणे आम्ही ऐकले असे धरावे लागले नाही. गाडीच्या खिडकीतून डोके काढून ती थेट नानांच्या नावाने ओरडत होती. असे आमच्या गावात आजवर कोणी केले नव्हते.

"नाना! छप्पर गळतंय! नाना, मी मरतेय!"

नानांनी ओचामींकडे पाहिले. "काय म्हणते?"

"म्हणते, कृपेचा वर्षाव होतोय," ओचामी म्हणाले. पण या वेळी त्यांनी काठी टेकली नाही.

तिकडे मामा चावी फिरवून फिरवून थकला. "सिस्टर, इंजिन मेलं. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो. सोडू का तशीच?"

"रस्ता कुठे जातो, मामा?"

"सरळ इस्पितळात."

"मग सोडा!"

मामाने गिअर काढला आणि गाडी घरंगळू लागली. दिवे नाहीत, हॉर्न नाही, इंजिन नाही. मामा हँडब्रेक ओढत, खिडकीतून ओरडत आणि दारावर हात आपटत वाट मोकळी करत होता. सिस्टर एका हाताने मान्साचे पोट आणि दुसऱ्या हाताने छताचे पोट धरून बसल्या होत्या. शेवटच्या चढापाशी गाडी थांबली, तेव्हा मासळीच्या बाजारातल्या बायकांनी ती ढकलत इस्पितळाच्या दारात नेली. ऑपरेशन वेळेवर झाले. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

जिल्हा सभेने या यशाची नोंद घेतली. ओल्या हवेत, उतारावर ब्रेक न लावल्यानेच रुग्ण वेळेत पोचल्याचे आढळून आले आणि क्वेनू साहेबांचे परिपत्रक इतर गावांनाही लागू करण्यात आले. दरबारात ओचामींनी सांगितले, की नानांच्या नावाच्या वजनामुळे गाडी इंजिनाशिवाय धावली. नाना प्रसन्न झाले. तिसरी पाटी ठरली. या वेळी मोठ्या मनाने नाना म्हणाले, की पाटीवर एकट्याचे नाव नको, मांडवात हजर असलेल्या सर्वांची नावे घाला.

नाव नोंदवायला दरबाराबाहेर रांग लागली. दोन्ही मास्टर होते. ज्याला गावात म्हातारे व्हायचे होते तो मामा होता, ओचामींची सून होती. आर्हिन सिस्टर तेवढ्या आल्या नाहीत, पण त्यांचे नाव कोणीतरी घातले. रांगेच्या शेवटी, मूल पाठीला बांधून, मान्सा उभी होती.

"तूसुद्धा?" लिहिणाऱ्याने विचारले. "छप्पर गळतंय म्हणून तूच बोंबलली होतीस ना?"

"गळतंयच," मान्सा म्हणाली. "पण माझ्या पोरीचं नाव जरा मोठ्या अक्षरात घाला. ती हजर होती."

नावे इतकी झाली, की तिसऱ्या पाटीला स्क्रू बसवायला छपरावर जागा उरलेली नाही. आता नवे छप्पर मागवले आहे. त्यावर थोडी जागा शिल्लक आहे आणि बाहेरगावच्या माणसांचेही नाव घालता येते. एवढीच अट आहे, की कधीतरी, कुठेतरी, छप्पर गळताना पाहून तुम्ही टाळ्या वाजवलेल्या असाव्यात. आजवर या अटीमुळे एकही अर्ज परत गेलेला नाही.